बाबांच्या जागी प्रार्थना कोणी घ्यायची?

पानवेल | ३० नोव्हेंबर, रात्री ९:५०

आज आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार. पुण्यातल्या आमच्या चर्चमध्ये पहिली जांभळी मेणबत्ती लागली आणि घरी आल्यापासून डोक्यात एकच विषय फिरतोय, म्हणून इथे लिहितेय. जरा लांबेल.

मी मूळची वसईची, निर्मळजवळच्या एका वाडीतली. लग्नानंतर पुण्यात. नवरा सांगलीचा, हिंदू घरातला. मुलगा नऊ वर्षांचा. बाबा यंदा जूनमध्ये गेले. वाडीत आई एकटीच आहे, भाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला.

आमच्या वाडीतला रिवाज असा की ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं त्या घरात नाताळला कढई चढत नाही. करंज्या नाहीत, शंकरपाळ्या नाहीत, दारात चांदणी नाही. शेजारीपाजारी ताटं आणून देतात, तीही इतकी की एकट्या बाईला जानेवारीच्या शेवटापर्यंत संपत नाहीत. आईने हे न बोलता ठरवून टाकलंय. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्याकडे गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मात्र दुखवट्यातही करतात.

माझा प्रश्न २४ तारखेच्या संध्याकाळचा आहे. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघण्याआधी घरात गोठ्यापुढे सगळे जमतात. गोठा बाबांचा असायचा. भाताचा पेंढा, जुन्या केळीच्या खोडाची साल, करवंटीत आधीच पेरून ठेवलेल्या गव्हाची हिरवळ. एका मेंढराचा पाय मी पाचवीत असताना मोडला, ते तेव्हापासून पेंढ्यात बसलेलंच असतं. गव्हाण तोपर्यंत रिकामी. बाबा बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचायचे, मग घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायचे, पार पणजोबांपासून. प्रत्येक नावानंतर आम्ही त्यांच्या विश्रांतीसाठी प्रार्थना म्हणायचो. शेवटी घरातलं सर्वात लहान मूल बाळ येशूला गव्हाणीत ठेवायचं. मग स्वेटर शोधाशोध आणि सगळे चालत चर्चला.

परवा आई फोनवर म्हणाली, "यंदा प्रार्थना तू घे."

आणि मी "हो" म्हणून फोन ठेवला.

अडचण ही की माझा विश्वास राहिलेला नाही. चर्चशी भांडण झालं नाही, कोणी दुखावलं नाही, कुठलं पुस्तक वाचून मत बदललं असंही नाही. नक्की कधी गेला तेही सांगता येत नाही. नाताळला, ईस्टरला मी जाते. गाणी आवडतात, धुपाचा वास आवडतो, मुलाला ते सगळं माहीत असावं असं वाटतं. पण प्रभूची प्रार्थना म्हणताना पलीकडे कोणी ऐकतंय असं मला वाटत नाही. बाबांना मातीत ठेवलं तेव्हाही वाटलं नाही. निदान त्या दिवशी वाटेल अशी माझी अपेक्षा होती.

आता बाबांच्या जागी उभं राहून, त्यांचं नाव पहिल्यांदाच त्या यादीत घेऊन, "त्यांना विश्रांती दे" असं मी कोणाला म्हणणार? आई, काकू, चुलत भावंडं मनापासून म्हणतील. मी पुढे उभी राहून म्हणायला लावणार. हे मला खोटं वाटतं.

देव आहे की नाही यावर कृपया धागा नेऊ नका, त्याचं काय होतं ते इथे सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्या घरात असं काही झालं असेल तर सांगा.

---

तर्कट | ३० नोव्हेंबर, रात्री १०:१२

आईसाठी म्हणा. पाच मिनिटांचा प्रश्न. यात एवढा विचार करण्यासारखं काय आहे?

---

माहीमची_लेक | ३० नोव्हेंबर, रात्री १०:३०

पानवेल, बाबांचं वाचून वाईट वाटलं.

आम्ही ईस्ट इंडियन, मुंबईकडचे मराठी बोलणारे कॅथलिक. आमच्याकडेही दुखवट्यात गोड करत नाहीत. डॅडी गेले तेव्हा मम्मीने वर्षभर काळे कपडे घातले आणि नाताळला तर ती देवघरासमोरून उठायलाच तयार नव्हती. गावठाणातल्या बायका आदल्या आठवड्यात कलकल वळायला जमतात, काट्याच्या मागच्या बाजूवर पिठाची गोळी दाबून. दरवर्षी आमच्या ओट्यावर जमायच्या. त्या वर्षी समोरच्या मावशींकडे जमल्या आणि मम्मीला हाक मारायला कोणाची हिंमत होईना. शेवटी मावशींनी पिठाचा गोळा आणि दोन काटे आमच्या घरी पाठवून दिले, निरोप काही नाही. मम्मीने सगळ्या वळून परत पाठवल्या. तळणं त्यांच्या घरी. नियम मोडला नाही आणि हातही रिकामे राहिले नाहीत.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आमच्याकडे प्रार्थना आम्ही आळीपाळीने घेतो. पण तर्कटभाऊ, पाच मिनिटांचा प्रश्न नाही हो हा.

---

शेकोटी | १ डिसेंबर, सकाळी ७:०५

मी साताऱ्याकडचा, हिंदू, आणि देव मानत नाही. त्यामुळे बाहेरून लिहितोय.

आमच्याकडे दुखवट्याची दिवाळी असते. घरात फराळ करत नाहीत. सोयरे, भावकी डबे घेऊन येतात, समोर बसवतात आणि घासभर तरी खायला लावतात. नको म्हणून चालत नाही. तुमच्या वाडीतल्या ताटांचं वाचलं आणि हसू आलं, इतकं सारखं.

वडिलांच्या दहाव्याला मी दर्भ बोटात घालून बसलो होतो. गुरुजी सांगतील ते म्हणत होतो. एकाही शब्दावर विश्वास नाही, निम्मे शब्द कळत नाहीत. खोटं वाटलं का? खरं सांगायचं तर ऊन लागत होतं आणि कावळा येत नव्हता म्हणून चुलते वैतागले होते, एवढंच आठवतं. मात्र तिथे माझी भूमिका सोपी होती. मी कोणाला म्हणायला लावत नव्हतो, मला म्हणायला लावत होते. तुम्हाला गुरुजींच्या जागी बसायचंय. फरक पडतो.

---

सावंतवाडीकर | १ डिसेंबर, दुपारी १:२०

शेकोटी, "निम्मे शब्द कळत नाहीत" यावरून आमची आजी आठवली. सावंतवाडीजवळच्या गावातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. तिची उमेदीची सगळी वर्षं लॅटिन मिस्सातली. दुसरी व्हॅटिकन परिषद झाली १९६२ ते ६५, त्यानंतर हळूहळू लोकांच्या भाषेत मिस्सा सुरू झाले. तोपर्यंत आजीने अर्धं आयुष्य एका अक्षराचा अर्थ न कळता लॅटिन उत्तरं दिली होती. आमच्याकडे कोकणी-मराठीत मिस्सा आला तेव्हा ती म्हणायची की आता फादर काय बोलतात ते कळतं, पण पूर्वी देवाला जास्त कळायचं.

मला वाटतं आपण "विश्वास" म्हणजे डोक्यात असलेली खात्री असं धरून चाललोय. आजीला कोणी विचारलं असतं की तुझा त्रैक्यावर विश्वास आहे का, तर ती म्हणाली असती की फादरांना विचार. तिचं काम होतं संध्याकाळी सात वाजता सगळ्यांना गुडघ्यावर बसवणं. पोरं पेंगली तर चिमटा.

अवांतर: आमच्याकडे गोठ्यात नाचणी पेरतात. गव्हापेक्षा नाजूक आणि दाट येते.

---

एक_धर्मग्रामस्थ | १ डिसेंबर, रात्री ८:४५

मी वसईचाच आहे आणि मी मिळमिळीत लिहिणार नाही.

आधी नियमाचं बोलू. ही घरगुती प्रार्थना आहे, संस्कार नाही. ती घ्यायला दीक्षा लागत नाही, पुरुष असावं लागत नाही. तुम्ही घेतलीत तर चर्चचा कुठलाही नियम मोडत नाही. त्या बाजूने निर्धास्त राहा.

पण तुम्ही नियमाबद्दल विचारलेलंच नाही. "आईसाठी म्हणून टाका" हा सल्ला मला अपमानकारक वाटतो, आणि तो आईचा अपमान आहे. तुमची आई आयुष्यभर ज्याच्याशी बोलत आली त्याच्यासमोर तुम्ही तिच्या समाधानासाठी अभिनय करणार आणि तिला ते कळू देणार नाही. लहान मुलांशी असं वागतात. तुमच्या आईने जूनमध्ये नवरा पुरला आहे, तिला हेही पेलेल.

तिला सांगा. सांगितल्यावरही ती म्हणाली "तूच घे", तर घ्या, मग त्यात खोटं काही नाही. न सांगता घेतलीत तर मात्र तुम्हाला आत्ता जे वाटतंय ते २४ तारखेला दुप्पट वाटेल.

आणखी एक. यंदा सण नाही याचं लोक फार वाईट वाटून घेतात. पण आगमनकाळ मुळात सणाचा काळ नाहीच. जांभळा रंग हा प्रायश्चित्ताचा रंग आहे. या चार रविवारी मिस्सात ग्लोरिया हे स्तुतिगान गात नाहीत, ते थेट नाताळच्या रात्री येतं आणि तेव्हा घंटा वाजतात. तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी झगा. दिवाळी संपल्याबरोबर दुकानांत झाडं उभी राहतात त्यामुळे आपण विसरलो की हे चार आठवडे रिकाम्या गव्हाणीचे आहेत. दुखवट्यातल्या घराला हा काळ इतरांपेक्षा जवळचा असतो. माझ्या घरात हे झालंय, म्हणून सांगतो.

---

तर्कट | १ डिसेंबर, रात्री ९:१०

"अभिनय" हा शब्द जड आहे. आपण सगळेच सासरी, ऑफिसात, लग्नांत रोज काहीतरी म्हणत असतो जे शंभर टक्के मनात नसतं. "बरं झालं आलात" म्हणताना प्रत्येक वेळी बरं वाटतं का?

---

एक_धर्मग्रामस्थ | १ डिसेंबर, रात्री ९:१८

पाहुण्याला म्हणणं आणि देवाला म्हणणं यात तुम्हाला फरक दिसत नसेल तर आपण इथेच थांबू. धागाकर्तीला तो दिसतोय, म्हणून तर तिने लिहिलंय.

---

वाचनमात्र | २ डिसेंबर, सकाळी ११:००

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा खूप चर्चा झाली होती. कलकत्त्यातलं काम सुरू झाल्यापासून पुढची कितीतरी दशकं त्यांना प्रार्थनेत काहीच जाणवत नव्हतं, देव नाहीच असं वाटायचं. तरी त्या रोज प्रार्थना करत राहिल्या आणि २०१६ मध्ये संत म्हणून घोषित झाल्या. पानवेल, तुम्ही एकट्या नाही.

---

पानवेल | २ डिसेंबर, रात्री १०:२५

सगळ्यांचे आभार. इतकं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

वाचनमात्र, तुमचा हेतू कळला, पण ते उदाहरण मला लागू नाही. त्यांना देव हवा होता आणि तो सापडत नव्हता, त्या होरपळत होत्या. मी होरपळत नाही. मला नीट झोप लागते. माझ्या अवस्थेला आत्म्याची काळोखी रात्र वगैरे म्हटलं तर ती माझीच जास्त स्तुती होईल.

सावंतवाडीकर, तुमची आजी वाचून माझी डोळ्यांपुढे आली. पण आजी सगळ्यांना गुडघ्यावर बसवायची तेव्हा समोर कोणीतरी आहे हे तिने गृहीत धरलेलं होतं, इतकं की त्यावर विचार करायची गरज नव्हती. माझ्यापाशी नेमकं ते गृहीत नाही.

धर्मग्रामस्थ, तुमचं उत्तर वाचून राग आला. दोन वेळा वाचल्यावर कमी आला. आईशी बोलायला हवं हे पटतंय. फोनवर की तिथे गेल्यावर, ते ठरवते.

आणखी एक गुंता सांगायचा राहिला. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नाही. आम्ही विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं आणि मूल मोठं झाल्यावर त्याचं त्याने ठरवावं असं दोघांनी ठरवलं. आता तोच घरातला सर्वात लहान, म्हणजे बाळ येशूला गव्हाणीत तोच ठेवणार. काल त्याने विचारलं, "पण मी ख्रिश्चन आहे का?" मी म्हटलं, अजून ठरायचंय. तो म्हणाला, "मग मूर्तीला हात लावला तर चालतो का?"

---

वर्गशिक्षक_नगर | ३ डिसेंबर, सकाळी ६:३०

ताई, मी अहिल्यानगरचा, निवृत्त शिक्षक, प्रॉटेस्टंट मंडळीतला. आमच्याकडे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम, त्यामुळे आमची घडण तुमच्या वसईहून फार वेगळी. आमचा नाताळ म्हणजे ढोलकी-टाळ, भजनं, लाडू, करंज्या, चिवडा. कोणी परगावचा आला तर त्याला दिवाळीच वाटेल.

आधी मुलाचं. हात लावला तर चालतो. त्या गोठ्यात पहिल्यांदा आले ते मेंढपाळ, आणि त्यांच्यापैकी कोणाचाही बाप्तिस्मा झालेला नव्हता.

आता तुमचं. आमच्यात मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. आम्ही त्यांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतो आणि थांबतो. माझी पत्नी गेली तेव्हा मला हे फार कोरडं वाटलं होतं. तुमच्याकडे निदान नावं घ्यायची सोय आहे. ती सोय हलकी समजू नका.

तुम्हाला वाचायचा आहे तो लूकचा दुसरा अध्याय. पंचेचाळीस मुलांच्या वर्गापुढे आयुष्यभर वाचत आलो, म्हणून सांगतो: त्या उताऱ्यात भक्तिभावाने वाचण्यासारखं सुरुवातीला काहीच नाही. कैसर औगुस्ताचा हुकूम, नावनोंदणी, क्विरीनिय नावाचा सुभेदार. सरकारी कागद आहे. मग नासरेथहून बेथलेहेमपर्यंतचा शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास, पोटुशी बाई, उतारशाळेत जागा नाही. गाढवाचा उल्लेख नाही, बैलाचा नाही. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, आणि तारा तर मत्तयकडे आहेत, लूककडे नाहीत. आपण घरच्या गोठ्यात दोन शुभवर्तमानांतली माणसं एकत्र उभी करतो. आणि हा देखावा तरी कधीचा? असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात खरा गोठा, खरी जनावरं उभी केली, तिथून ही प्रथा पसरली.

हे सगळं सांगायचं कारण, तो मजकूर बातमीच्या आवाजात वाचता येतो. तुम्ही निवेदक व्हा. आवाज स्पष्ट, घाई नको. विश्वास ऐकणाऱ्यांनी आणावा.

कुटुंबात विश्वास फुटला की काय होतं ते आमच्या नगरने जवळून पाहिलंय. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षं दूर राहिल्या, सोवळं-ओवळं सांभाळत राहिल्या. नंतर एकत्र आल्या तरी लगेच धर्म बदलला नाही, स्वतःला पटल्यावरच बदलला. आणि हे सगळं त्यांनी पुढे आत्मचरित्रात इतक्या खेळकरपणे लिहिलं की वाचताना विसरायला होतं, त्या बाईचं घर यावरून मोडलं होतं. एका छताखाली दोन श्रद्धा नांदल्या, तेही त्या काळात. तुमच्या घरात एक श्रद्धा आणि एक अश्रद्धा आहे. जमेल.

---

माहीमची_लेक | ३ डिसेंबर, सकाळी ९:१५

मास्तर, "बाप्तिस्मा झालेला नव्हता" हे मी आमच्या फादरना सांगणार आहे. :)

---

अश्दोदवरून | ३ डिसेंबर, दुपारी ३:४०

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. जन्म ठाण्याचा, आता इस्रायलमध्ये अश्दोदला. सहसा पाककृतीच्या धाग्यांवर असतो, पण हे वाचून राहवलं नाही.

आमच्यात आईवडील गेले की मुलाने कद्दीश नावाची प्रार्थना म्हणायची असते. एकट्याने चालत नाही, दहा जणांचा मिन्यान, म्हणजे जमाव, लागतो. रोज, अकरा महिने. बारा का नाहीत? तर जुनी समजूत अशी की पापी माणसाचा न्याय पूर्ण बारा महिने चालतो. मुलाने बारा महिने म्हटलं तर त्याचा अर्थ, आमचा बाप पापीच होता. म्हणून एक महिना आधी थांबायचं. मला हा हिशेब फार आवडतो.

तर माझे वडील गेले तेव्हा मी सिनेगॉगला कधीतरीच जाणारा. अकरा महिने गेलो. त्या प्रार्थनेची गंमत अशी की ती मृतांची म्हणून ओळखली जाते, पण तिच्यात मरणाचा एक शब्द नाही. गेलेल्याचं नाव नाही, विश्रांती नाही, काही नाही. प्रार्थना मुख्यतः देवाचं नाव मोठं होवो असंच म्हणते, आणि तीही बहुतेक अरामी भाषेत. पहिले दोन महिने मला चीड यायची. बाप गेलाय माझा आणि मी ज्याला मानत नाही त्याचीच स्तुती का करू?

पुढे चीड गेली. विश्वास आला का? नाही आला. आजही नाही. पण रोज पहाटे तिथे नऊ माणसं माझ्यासाठी उठून येत होती, त्यांतल्या काहींना मी ओळखतही नव्हतो, आणि माझ्या प्रत्येक वाक्यानंतर "आमेन" म्हणत होती. मी काय मानतो हे एकानेही विचारलं नाही. एक म्हातारे अलिबागकडचे होते, ते मला फक्त "उद्या वेळेवर ये" एवढंच मराठीत सांगायचे.

मी पुढे उभा होतो, शेकोटी म्हणतात तसा गुरुजींच्या जागी. आणि तरी मला वाटायचं की म्हणतायत ते, मी नुसता सुरुवात करून देतोय.

१४ तारखेला संध्याकाळी आमचा हनुक्का, दिव्यांचा सण, लागतोय, त्याच दिवशी तुमचा तो गुलाबी रविवार दिसतोय. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

---

शेकोटी | ३ डिसेंबर, दुपारी ४:०२

"उद्या वेळेवर ये." काय माणूस असेल.

---

एक_धर्मग्रामस्थ | ३ डिसेंबर, रात्री ९:३०

अश्दोदवरून, तुमचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललं, पूर्ण नाही. तुमच्या त्या नऊ जणांना ठाऊक असणार की हा मुलगा एरवी येत नाही. म्हणजे लपवाछपवी नव्हती. मी तेवढंच म्हणतोय.

---

पानवेल | ७ डिसेंबर, रात्री ११:१०

शनिवारी वसईला जाऊन आले. आईशी बोलले.

मागच्या पडवीत ती पानवेलीची पानं जुळवत बसली होती. मी बरंच तयार करून गेले होते, कुठून सुरू करायचं वगैरे. सांगितलं की तू प्रार्थना घे म्हणालीस, पण माझा आता विश्वास नाही, तुला न सांगता घेणं मला बरोबर वाटत नाही.

ती म्हणाली, "तुझा विश्वास मी कुठे मागितला? मला दिसत नाही म्हणून म्हटलं."

तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, जानेवारीत ऑपरेशन ठरलंय. बाबांचं बायबल बारीक टायपाचं. तिला लूकचं वाचन माझ्याकडून हवं होतं. तेवढंच.

मी विचारलं, मग नावं, प्रार्थना? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "ती मला पाठ आहेत. तुझ्या बाबांना कुठे आठवायची? मी मागून सांगायचे, ते मोठ्याने म्हणायचे."

हे मी बघितलेलं आहे. आई त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभी असायची आणि तिचे ओठ हलत असायचे. मला वाटायचं ती तिची तिची प्रार्थना म्हणतेय.

तर यंदा प्रार्थना आई घेणार. आमच्या घरात हे बाईने करायची पहिलीच वेळ. काकांना कळलं तेव्हा ते म्हणाले की पुरुषमाणूस नाही तर मी येतो. आई म्हणाली, या की, पण नावं तुम्हाला येतात का सगळी? ते गप्प बसले.

विश्वासाचं म्हणाल तर तिने पानं जुळवता जुळवता एवढंच विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही. ती "हं" म्हणाली. वाईट वाटलं असणार. मी जाईपर्यंत तिने तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. निघताना बाबांचं ते बायबल माझ्या पिशवीत घातलं, आधी वाचून ये, अडखळू नकोस म्हणाली.

---

तर्कट | ७ डिसेंबर, रात्री ११:२५

म्हणजे आठवडाभर आपण मोतीबिंदूवर वाद घातला.

---

माहीमची_लेक | ७ डिसेंबर, रात्री ११:३१

तुमच्या आई एकदम झकास. आणि काका "नाही" म्हणाले नाहीत, गप्प बसले, यालाच आमच्याकडे परवानगी म्हणतात.

---

एक_धर्मग्रामस्थ | ८ डिसेंबर, सकाळी ७:००

त्या "हं" बद्दल. विषय त्यांनी काढला नाही याचा अर्थ संपला असा घेऊ नका. त्या आता रोज तुमच्यासाठी रोझरीत, म्हणजे जपमाळेत, दहा प्रार्थनांचं एक दशक जास्त म्हणत असतील. आमच्या घरी माझ्या मुलासाठी त्याची आई म्हणते, चार वर्षं झाली. मुलाला माहीत नाही. मीही तिच्याबरोबर म्हणतो, तिला तेही माहीत नाही.

---

वर्गशिक्षक_नगर | ८ डिसेंबर, सकाळी ७:४०

ताई, एक ते वीस ओव्यांपर्यंतच वाचा, मेंढपाळ परत जातात तिथे थांबा. पुढे सुंता आणि शिमोन येतात, तेवढा वेळ लहान मूल मूर्ती हातात धरून उभं राहणार नाही. आणि हो, ओव्या नव्हेत, वचनं. सवयीने लिहिलं.

---

पानवेल | १० डिसेंबर, रात्री ८:१५

मास्तर, वीसपर्यंतच. मुलाने घड्याळ लावून ऐकलं, साडेतीन मिनिटं. त्याला तुमचं मेंढपाळांचं उत्तर पटलंय, आता तो वर्गात सगळ्यांना सांगत सुटलाय.

भावाला व्हिडिओवर जोडून घेणार आहोत. वसईत रात्रीचे नऊ म्हणजे त्याच्याकडे २४ चीच सकाळ, साडेदहा. त्या दिवशी त्याला अर्धा दिवस काम आहे, गाडीत बसून बघतो म्हणालाय. चर्चमधला मिस्सा त्यानंतर.

धर्मग्रामस्थ, तुमचा शेवटचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

आता नवी भानगड. सासूबाई सांगलीहून यायच्या म्हणतायत. बाबांच्या वेळी त्यांना प्रवास जमला नव्हता, म्हणून आईला भेटायचंय. त्या विचारतायत की दुखवट्याच्या घरी पुरणपोळ्या करून आणल्या तर चालतील का. मी आईला विचारलं तर ती म्हणते, आपल्या घरात कढई चढत नाही, त्यांच्या तव्याला कोण अडवणार? पण शेजारची ताटं, त्यात पुरणपोळ्या, खाणारी माणसं सात.

---

शेकोटी | १० डिसेंबर, रात्री ८:४०

आणू द्या. दुखवट्याला विहीणबाईंनी गोड घेऊन यायचं नाही तर कोणी? उरल्या तर दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करून. यावर वेगळा धागा काढायची गरज नाही.

---

सावंतवाडीकर | १० डिसेंबर, रात्री ९:०५

गहू पेरले का? १४-१५ तारखेला पेरलेत तर २४ ला बोटभर होतील. करवंटीला खाली भोक पाडा, नाहीतर पाणी साचून कुजतात.

---

माहीमची_लेक | १० डिसेंबर, रात्री ९:२०

आणि २४ ला पुण्याहून निघणार असाल तर पहाटे पाचच्या आत. ठाण्याला सकाळी पोचलात तर घोडबंदर रस्ता तरी बरा मिळेल. दुपारी अडकलात तर लूकचा दुसरा अध्याय गाडीतच वाचावा लागेल, पुरणपोळ्या आहेतच बरोबर.